सुईपासून दहा पावलं

हे लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. कारण यात चूक माझी आहे, आणि आपली चूक चारचौघांत सांगणं लोखंडालाही जड जातं. पण मागच्या आठवड्यात विश्वासराव मामा आमच्या ग्वाल्हेरातल्या थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले आणि चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःची फेलोशिप घालवली." तेव्हा म्हटलं, बस. आता सांगतोच.

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. दगड वाचायचा हातोडा. मला एका दमात सांगता येत नाही. ठोका मारतो, थांबतो, परत मारतो. तसंच ऐका.

माझा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही. त्याआधी मी ट्रकचा एक्सल होतो. ट्रक भंगारात गेला आणि मी टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत एका लोहाराच्या दारात येऊन पडलो. वर्षभर पडून होतो. मग एक दिवस संभाजीराव आले. सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर, उंच, बोलणं कमी. त्यांच्या मोबाइलमध्ये एका परदेशी हातोड्याचा फोटो होता. एका बाजूला चौकोनी तोंड, दुसऱ्या बाजूला छिन्नीसारखी धार.

"ऐसा बना दो. बेटी जियोलॉजी पढ़ने जा रही है."

"क्या पढ़ने?"

"पत्थर."

लोहार हसला. "पत्थर भी पढ़े जाते हैं?"

"अब पढ़े जाएँगे," संभाजीराव म्हणाले आणि ढिगातून मलाच उचललं. "ये लो. एक्सल का लोहा धोखा नहीं देता."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. धोका मीच दिला. पण ते पुढे.

शिसमचा दांडा बसला, दांड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली गेली, आणि मी सोनिकाच्या पिशवीत गेलो. कॉलेजात पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "नारियल फोड़ने लाई है क्या?"

सोनिका म्हणाली, "हाँ. पहला किसका फोडूँ?"

त्या दिवसापासून मी तिचा झालो.

मला कोणी शिकवलं नाही. मार खाऊन शिकलो. पिवळ्या वालुकाश्माला सरळ मारायचं. शेल म्हणजे थराथरांचा मऊ दगड, त्यात धार घालून नुसतं उचकटायचं, पापडासारखा सुटतो. आणि लाल पट्ट्यांचा जो दगड आमच्या ग्वाल्हेरच्या आसपास मिळतो, त्याला मारताना डोळे मिटायचे, कारण त्याचे तुकडे काचेसारखे उडतात. पाच वर्षं काम केलं. पुष्कर सर, सोनिकाचे गाइड, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "विभागाच्या सगळ्या हातोड्यांची तोंडं फुटली. हा टोपी बाजारवाला जसाच्या तसा आहे." मी महिनाभर फुगून होतो.

घरीही मला काम होतं. सोनिकाची आई, लीलाताई, ब्लाउज शिवायच्या. सुई खाली पडली की त्या मला फरशीवरून फिरवायच्या आणि सुई येऊन माझ्या तोंडाला चिकटायची. "बघा, माझा गुणी मुलगा," म्हणायच्या. सगळे हसायचे. मीपण. हे कसं होतं, ते कोणी विचारलं नाही. मित्रांनो, पोलादाला वर्षानुवर्षं ठोके बसले की ते हळूहळू चुंबक होतं. म्हणजे जितकं मी जास्त काम केलं, तितका मी...

थांबतो जरा.

एमएससीच्या शेवटच्या वर्षी विभागातून कंपास मिळाला. रजिस्टरवर सही करून, तोही उसना. काळी डबी, झाकणात आरसा, आत पांढरी सुई. आम्ही एकाच पिशवीत राहायचो. तो फार हळू बोलायचा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "जरा लांब बसतोस का?"

मला झोंबलं. मी म्हटलं, "का रे? मी भंगारातला म्हणून?"

"तसं नाही. मला नीट दिसत नाही तू जवळ असलास की."

"आरसा पूस मग," मी म्हणालो, आणि मुद्दाम आणखी खेटून बसलो. तो परत काही बोलला नाही. त्याची सुई तेवढी थरथरत राहिली. मला वाटलं, घाबरतो मला.

सोनिकाचं काम एका बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत होतं. शहराबाहेर, टेकडीवर. खदानीत पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात लोक टँकर आणून काय काय ओतायचे, वास यायचा. टेकडीखाली आठशे मीटरवर एक नाला, आणि नाल्याच्या बाजूला एक वस्ती. वस्तीत एक हँडपंप. प्रश्न एवढाच होता. दगडात ज्या भेगा आहेत, त्या खदानीतलं पाणी कुठे नेतात? भेग ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला.

सोनिकानं चौसष्ट भेगा मोजल्या. प्रत्येक भेगेवर कंपास ठेवायची, आणि उजव्या बाजूला मला. फोटो काढायचा असतो ना, बघणाऱ्याला अंदाज यावा की भेग केवढी आहे. जिऑलॉजीत असंच करतात, हातोडा म्हणजे आमची पट्टी. फक्त फोटो झाला की हातोडा उचलायचा आणि मग सुई वाचायची. सोनिका घाईत होती. ऊन होतं, ऑटोवाला खाली हॉर्न मारायचा. मला उचलायचं राहून जायचं. चौसष्ट वेळा.

नकाशा झाला. भेगा नाल्याकडे जातात, वस्ती सुरक्षित. चांगले मार्क मिळाले. त्याच कामावर तिनं दक्षिणेतल्या एका संस्थेचा फॉर्म भरला, पीएचडीची फेलोशिप, पाच वर्षांची. आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, ऑनलाइन. घरात पेढे आले. संभाजीराव मात्र आधीच म्हणून बसले होते, "या वर्षी मिळाली तर ठीक. नाहीतर बीएड कर, शाळेत लाग. दगडामागे किती धावणार?" मामा तर म्हणायचे, "दगडच फोडायचे तर मजुरीवर विनाफॉर्म घेतात."

म्हणजे सगळं त्या एका इंटरव्ह्यूवर होतं.

चार दिवस राहिले होते. सोनिका लॅपटॉपवर खदानीचे फोटो लावत होती. लीलाताईंची सुई पडली. त्यांनी मला उचललं, फिरवलं, सुई चिकटली.

सोनिकानं वर बघितलं. माझ्याकडे, मग स्क्रीनकडे. स्क्रीनवर मी होतो, कंपासला खेटून.

"आई, हलू नकोस," ती म्हणाली.

तिनं कंपास टेबलावर ठेवला. मला उचलून हळूहळू त्याच्या उजवीकडे आणलं. सुई वळली. मला दूर नेलं, परत आली. तिनं तीनदा केलं. मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अठरा अंश."

लीलाताई म्हणाल्या, "काय अठरा?"

"आठशे मीटरवर अठरा अंश म्हणजे अडीचशे मीटर. आई, नाला आणि पंपात तेवढंच अंतर आहे."

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं, कंपास लांब बस का म्हणत होता.

पुष्कर सरांना फोन झाला. स्पीकरवर होता. सर वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, "बेटा, प्रबंध जमा झाला, मार्क मिळाले. इंटरव्ह्यू बोर्ड काय नकाशा घेऊन खदानीत जाणार आहे? आता चुप राहा. पीएचडीत सुधार ना."

"सर, पंपाचं पाणी लोक आज पितायत."

"तुला सीट पाहिजे की नाही?"

"पाहिजे ना सर. म्हणून तर रडू येतंय."

फोन ठेवल्यावर संभाजीरावांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून खदानीचा फोटो बघितला. मग म्हणाले, "किती दिवस लागतील परत मोजायला?"

"दोन. पण बाबा, तुम्हीच म्हणालात ना, या वर्षी नाहीतर..."

"ते मी बघतो. सकाळी सातला निघू. टोपी घे."

दोन दिवस बापलेक मला घेऊन स्कूटरवर गेले. मित्रांनो, मला आधी वाटलं होतं आता मला घरीच ठेवतील. कोपऱ्यात, नाहीतर परत टोपी बाजारात. पण भेगांवरची माती आणि सुटे दगड मीच काढू शकत होतो. मग एक पद्धत ठरली. मी भेग साफ करायची, फोटोत बसायचं, आणि त्यानंतर संभाजीराव मला उचलून मोठ्यानं मोजत मागे जायचे. एक, दोन, तीन... दहापर्यंत. तिथे मला हातात धरून उन्हात उभे. त्यांनी घड्याळ, चावी, पट्टासुद्धा काढून स्कूटरवर ठेवला होता. पँट एका हातानं धरलेली, दुसऱ्या हातात मी.

"झालं का गं?"

"झालं. आता एकोणचाळीस नंबर."

खालच्या वस्तीतली एक बाई पाणी घेऊन वर आली. शामला नाव. बराच वेळ बघत राहिली. शेवटी संभाजीरावांना विचारलं, "भैया, बिटिया ने सज़ा दी है क्या?"

"हमको नहीं, इसको," ते म्हणाले, माझ्याकडे बोट करून.

नवे आकडे आले. भेगा नाल्याकडे जात नव्हत्या. सरळ पंपाकडे जात होत्या.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दुपारी सोनिकानं बोर्डाला मेल लिहिला. जुना नकाशा चुकीचा आहे, चूक अशी झाली, हा नवा नकाशा. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाबलं.

इंटरव्ह्यूत स्क्रीनवर तीन चेहरे होते. मी टेबलावर होतो, कंपास दुसऱ्या खोलीत. एक मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मेल केला नसता तर आम्हाला कळलं नसतं. ठाऊक आहे ना?"

"हो मॅडम."

"मग का केलात?"

"नकाशावर माझं नाव आहे. आणि नकाशाखाली पंप आहे."

शेजारचे सर हसले नाहीत. "कंपासजवळ लोखंड नेऊ नये हे पहिल्या वर्षी शिकवतात."

"शिकवलं होतं सर. मला वाटलं, माहिती आहे म्हणजे पाळतेय."

पंधरा दिवसांनी यादी लागली. सोनिकाचं नाव नव्हतं. कारण एका ओळीत होतं, मूळ निरीक्षणांची विश्वासार्हता. ती त्या दिवशी जेवली नाही. हे खोटं सांगणार नाही.

पण त्याच पंधरा दिवसांत दुसरं काहीतरी झालं होतं. शामलानं वस्तीतल्या बायका गोळा केल्या. सोनिकानं नकाशा दिला, त्यांनी अर्ज दिला, पाण्याची तपासणी झाली. पंपाच्या तोंडाला लाल रंग मारला गेला, म्हणजे हे पाणी पिऊ नये. आता वस्तीत टँकर येतो. उशिरा येतो, भांडणं होतात, पण येतो.

म्हणून विश्वासराव मामा फेलोशिप घालवली म्हणाले तेव्हा मला राग आला. कोणी काही घालवलं नाही. चूक मी केली, सोनिकानं ती पकडली, मोजली आणि सांगितली. यालाच तर संशोधन म्हणतात ना? मग त्याची किंमत नाव कापून का? मी भंगारातला आहे, मला एवढंच कळतं की वाकलेला एक्सल लपवून ट्रक चालवला तर पुढच्या वळणावर माणसं मरतात.

मामांचा चहा संपला तेव्हा संभाजीराव खोलीत आले. सोनिका म्हणाली, "बाबा, बीएडचा फॉर्म भरायचा का?"

ते म्हणाले, "दुसरी कुठली फेलोशिप निघालीये का, ते बघ आधी."

मामा म्हणाले, "अहो दाजी, पुन्हा?"

"मी दोन दिवस उन्हात पँट धरून उभा होतो, विश्वासराव. ते काय बीएडसाठी?"

दोन निघाल्या आहेत. एक भूजलाची, एक पर्यावरणाची. शिफारसपत्र पुष्कर सरांनी नव्यानं लिहिलं आणि त्यात चूक पकडल्याचा किस्साही स्वतःहून घातला. कंपासची मुदत मार्चपर्यंत वाढवून दिली. एका फॉर्मात रकाना आहे, पूर्वी कुठे निवड नाकारली गेली का, असल्यास कारण. सोनिकानं सगळं लिहिलं, अठरा अंशांसकट.

मित्रांनो, तुमच्यातही कोणी दगड, माती, पाणी शिकायला निघेल. लोक विचारतील, याचं काय होणार? उत्तर देत बसू नका, फॉर्म भरा. नाही झालं तर परत भरा. आणि तुमची अवजारं सांभाळा, म्हणजे नुसती पुसून ठेवू नका. ती काय करू शकतात ते ओळखा, आणि काय बिघडवू शकतात तेही. माझ्यासारखं फुगलेलं एखादं अवजार प्रत्येकाच्या पिशवीत असतं.

उद्या सकाळी दुसऱ्या खदानीत जायचंय. लीलाताईंनी मला आणि कंपासला वेगवेगळ्या पिशव्या शिवल्या आहेत. त्याची पिशवी दाराजवळ आहे, माझी खिडकीत. इथूनच त्याला सांगतो, ऐक, कंपास. तू लांब बस म्हणालास तेव्हा मला वाटलं, तू मला कमी लेखतोस. आता कबूल करतो, तू मला वाचवत होतास. उद्या भेग मी साफ करीन, धूळ मी खाईन. आणि तू झाकण उघडलंस की मी दहा पावलं लांब असेन, संभाजीरावांच्या हातात, कितीही ऊन असलं तरी. तू नीट बघून घे. तुझं झालं की हाक मार, त्याआधी मी हलणार नाही.