क्रूस शिवलेली सोलापुरी चादर

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुमची-माझी काही मैत्री नाही. पाय न धुता अंथरुणात शिरणारे तुम्हीच.

सोलापूरच्या मागावर माझा जन्म झाला. नागपूरला मायाच्या लग्नात तिच्या आईने मला तिला दिलं. तेव्हा मी फक्त पाहुण्यांसाठी निघायची आणि जो तो माझी वीण चाचपून कौतुक करायचा. मग मायाच्या नवऱ्याच्या, देवानंदच्या बदल्या सुरू झाल्या. तो विमानतळावरच्या सरकारी कचेरीत आहे. आधी भोपाळ, मग लखनऊ. दोन्ही वेळा मायाने शाळेतली नोकरी सोडली आणि काचेची भांडी माझ्यात गुंडाळली. लखनऊच्या चारबाग स्टेशनवर उतरेपर्यंत माझा रंग विटला होता. पुढे देवानंद मला घेऊन स्कूटर पुसू लागला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

यंदा माया लखनऊतच, निशातगंजच्या शाळेत कायम झाली. त्याच सुमारास तिच्या मुलीच्या, रुचिराच्या वर्गात इतिहासाचं नाटुकलं ठरलं. मध्ययुगातले ख्रिस्ती लोक घरदार सोडून जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला का गेले, हा विषय. रुचिराला शिपायाचा झगा हवा होता, म्हणून माझी आठवण झाली. माया जुन्या परकराचा लाल क्रूस माझ्यावर शिवू लागली. सुई टोचत होती, पण चादरीला विचारतो कोण.

"आई, सभेत भाषण ऐकून लोक तिथंच असा क्रूस लावून घ्यायचे," रुचिरा म्हणाली. "फिर पीछे हटना बड़ी शरम की बात थी."

"पण गेलेच कशाला?"

"पोपने सांगितलं, पापं माफ होतील. जेरुसलेम उनके लिए पवित्र था, सच में मानते थे. किसी का मालिक जा रहा था, किसी का भाई. काही जमिनीच्या आशेने गेले, और कितने तो अपनी ज़मीन बेचकर गए."

इतकं चालत जाऊन अनोळखी माणसं मारायची आणि पुण्य घेऊन घरी यायचं. मला हे लोक मुळीच आवडले नाहीत.

तेवढ्यात देवानंद आला, बूट न काढताच.

"बदलीवर आसामात, दिब्रुगडला जायचंय," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, कोण तयार आहे. सगळ्यांनी हात वर केले, मीपण केला. अब मना करूँ तो अच्छा नहीं लगता. तू राजीनामा देऊन टाक."

मायाची सुई थांबली. "मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? याआधी आलीसच ना."

रुचिराने मान वर केली नाही. "बाबा, उन लोगों को भी बीवी से पूछना पड़ता था. चर्चचा नियम होता. बाद में एक पोप ने वो भी हटा दिया. कहा, जेरुसलेम का काम बड़ा है."

मायाने दाताने दोरा तोडला.

"माझी संमती आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा. मी आणि रुचिरा इथंच राहू. ही नोकरी मी सोडणार नाही."

देवानंद खूप ओरडला. बायको साथ देत नाही म्हणाला, लोक काय म्हणतील म्हणाला. शेवटी बॅग काढून त्याने माझं टोक ओढलं. "निदान चादर तरी दे."

मायाने मला त्याच्या हातून सोडवून घेतलं. "ती रुचिराची आहे."

नाटुकलं झालं. देवानंद अमौसीच्या विमानतळावरून एकटाच गेला. मायाने क्रूस उसवला, मला धुतलं, आणि आता रोज तीच मला पांघरते. टाक्यांची भोकं राहिली आहेत, राहू देत.

तर मित्रांनो, जुन्या चादरीने गाड्या पुसू नका. आणि कुठल्या मोठ्या कामासाठी लांब जायचं असेल तर खुशाल जा, पण हात वर करण्याआधी तुमची भांडी माझ्यात गुंडाळणाऱ्या बाईला विचारा. ती नाही म्हणाली, तर भांडी गुंडाळायला मी मिळणार नाही, मी तिच्यापाशीच असेन.