समतोलापुरता चित्रकार

“एक वालून जास्त झालाय,” चित्रप्रदर्शनाच्या दालनाच्या मध्यभागी उभा राहून संचालक लीव्हन फर्हास्ट म्हणाला. पंगतीत उंदीर निघाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. “अँटवर्पच्या त्या शेठनं शिंपलेवालीचं चित्र द्यायला ऐन वेळी नकार दिला. फ्लेमिश बाजू एकानं खाली आली.”

“मग एक भिंत रिकामी ठेवा,” मी म्हणाले.

“बाई, तुम्ही विदुषी, तुम्हाला चालेल. दुपारी दोन्ही भाषांकडचे मंत्री येतायत. ते चित्रं बघत नाहीत हो, मोजतात.”

हे मात्र खरे होते. बेल्जियमच्या कलेची सहा शतके मांडू निघालेल्या त्या समितीत मी वर्षभर बसले, आणि वर्षभरात रंगाविषयी एकही वाक्य माझ्या कानावर पडले नाही. श्वास रोखून रंगवलेल्या सोनेरी प्रभावळी, गुबगुबीत देवता, जत्रेतले झिंगलेले शेतकरी, मुखवटे, सांगाडे, निर्मनुष्य स्थानकांवर उभ्या विवस्त्र स्त्रिया: या भूमीतले एवढे वैविध्य समितीला एकाच कसोटीवर उमगले होते. चित्रकाराच्या जन्मगावी आज डच बोलतात की फ्रेंच? डच असेल तर तो फ्लेमिश, फ्रेंच असेल तर वालून. आणि दोन्हींची संख्या समान. हा देश अस्तित्वात येण्यापूर्वी शतकानुशतके मातीत मिसळलेल्यांनाही त्यातून सुटका नव्हती. असाच एक जुना थोर चित्रकार जन्मला एका भाषेच्या गावी आणि नावारूपाला आला दुसऱ्या भाषेच्या. दोन प्राध्यापक त्याच्यावरून हातघाईवर आले, तेव्हा समितीने त्याला उभा चिरला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्यावर टाळ्याही वाजल्या.

ऑक्ताव्ह लेक्लूस हे याच तराजूत टाकलेले एक वजन होते. खाणपट्ट्यातल्या तंत्रशाळेत या माणसाने जन्मभर मुलांना रेघा मारायला शिकवले आणि रविवारी आपल्या खिडकीतून दिसणारा, खाणीतून उपसलेल्या काळ्या दगडमातीचा डोंगर रंगवला. घराबाहेर त्याची चित्रे टांगली गेली ती फक्त गावच्या फुटबॉल क्लबच्या उपाहारगृहात. वालून बाजूला एक नाव कमी पडत होते, म्हणून त्याला बोलावणे गेले. त्याला वाटले, कोणीतरी चित्र पाहिले.

“मास्तरांनाच उतरवू,” फर्हास्ट हळूच म्हणाला. “साधा माणूस आहे. बोंब मारणार नाही.”

मास्तर सकाळपासून आपल्या चित्रासमोर उभे होते. अंगात ठेवणीतला कोट. शेजारी बायको, झेली.

“किती वेळ बघशील?” ती म्हणत होती. “घरी पलंगावर टांगलं होतं तेव्हा ढुंकून पाहिलं नाहीस.”

“घरी उजेड नव्हता गं असा.”

चित्र थोर नव्हते. पण त्यातल्या काळ्यात हिरवे काळे होते, गंजासारखे तांबूस काळे होते, पावसानंतर निळसर पडणारे काळे होते. आजूबाजूच्या थोरांमध्ये ते चित्र लाजत नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक बाई वाकली होती.

“ही माझी आई,” मला पाहून मास्तर म्हणाले. “ढिगावर कोळसा वेचायची. फ्लांडर्समधून आली होती, मजुरांच्या लोंढ्यात.”

फर्हास्टचे कान टवकारले. “आई फ्लेमिश?”

“हो साहेब.”

“अहो, मग प्रश्नच मिटला!” त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. चित्र का उतरावे लागणार होते, हेही त्याने त्याच आनंदात सांगून टाकले. “आता पाटीवर तुम्हाला अर्धे-अर्धे दाखवतो. अर्धा वालून, अर्धा फ्लेमिश. दोन्ही बाजू सारख्या! चित्र जागेवर राहील.”

मास्तरांनी हात सोडवून घेतला. “म्हणजे बोलावलंत ते या हिशेबासाठी?”

“तसं नाही हो मास्तर...”

“तसंच आहे,” मी म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवे होते.

झेलीने नवऱ्याच्या बाहीला धरले. “ऑक्ताव्ह, राहू दे की. पाटी कोण वाचतं? उद्या पोरं बघायला येणारेत.”

मास्तरांनी मान वळवून पुन्हा चित्राकडे पाहिले. त्यांना ती भिंत किती हवी होती, ते त्यांच्या मानेकडे पाहिले तरी कळत होते.

“आमच्या गल्लीनं तिला मरेपर्यंत परकी म्हणून हिणवलं,” ते शेवटी म्हणाले. “मी शाळेतून येताना लोकांदेखत तिच्याशी बोलायचो नाही. ती मात्र हाक मारायची तर अख्खी गल्ली ऐकेल अशी. तिच्या भाषेत. तिला माझी अर्धी बाजू म्हणून नाही लावायची साहेब. पूर्ण लावता आली तर सांगा.”

“पूर्ण फ्लेमिश केलं तर तिकडे एक जास्त होतो,” फर्हास्ट मनापासून हळहळला. त्याच्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत खोल विचार असावा.

“मग नको.”

त्यांनी स्वतःच चित्र उतरवले. कामगार प्लास्टिकचे वेष्टण घेऊन आला, त्याला त्यांनी मानेनेच नाही म्हटले. अंगातला कोट काढून चित्राभोवती गुंडाळला, बाह्यांची मागे गाठ मारली.

“गारठून मरशील,” झेली पुटपुटली आणि तिने दुसरी बाजू उचलली.

“सामानाचं दार मागच्या बाजूला आहे,” पहारेकरी म्हणाला.

ते पुढच्याच दाराने निघाले. पायऱ्यांवर निमंत्रितांची रांग लागली होती. काहीतरी महागाचे चालले आहे असे समजून ती आदराने दुभंगली. बाहेर बारीक पाऊस होता. खालच्या पायरीवर मास्तर क्षणभर थांबले, रंगवलेली बाजू स्वतःच्या छातीकडे वळवली, आणि नुसत्या सदऱ्यावर, उलटी पावले टाकत, बायकोच्या चालीने स्टेशनकडे निघाले.