चार वाजताची सबब

मी पाण्याचे मीटर वाचते. जिन्याखाली वाकायचं, जळमटं झटकायची, आकडे वाचून ऑफिसच्या अ‍ॅपवर टाकायचे. माझा फोन जुना, दुपारी चारला मान टाकायचा. फोन बंद म्हणजे साहेबांच्या नकाशावरचा माझा हिरवा ठिपकाही बंद. उरलेल्या मीटरचे आकडे मी वहीत उतरवून घ्यायचे आणि रात्री घरून भरायचे. मधला एक तास बाबांचा.

बाबा दादाकडे असतात. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडलीय. दादा-वहिनी कामावरून सातला येतात. मी चारला जाऊन बाबांना पलंगापासून खिडकीपर्यंत चालवायचे. रोज चालले तरच पाय राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑफिसात मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. घरच्या अडचणी सांगणाऱ्या दोघींना आधीच नारळ मिळाला होता.

एका बैठकीत साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचा ठिपका रोज चारलाच कसा गायब होतो?"

माझी जीभ नको तिथे चुरूचुरू चालते. "बॅटरीच टिकत नाही साहेब. फोनला काय सलाईन लावू?"

सगळे हसले, साहेबही हसले. आठवड्याभरात त्यांनी माझ्या हातात विटेएवढी पॉवर बँक ठेवली. "घ्या तुमचं सलाईन." भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती. मागितलं मीच होतं.

तेव्हापासून पाच वाजले तरी फोन ठणठणीत. ठिपका दहा मिनिटं हलला नाही की साहेबांचा फोन येतो. एकदा मी पॉवर बँक मुद्दाम रिकामीच नेली, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक दिली. "असू दे जोडीला," म्हणाले. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त चडफडायला होतं. दोन विटा खांद्यावर घेऊन जिने चढते आणि स्वतःलाच शिव्या घालते.

काल बारा दिवसांनी मी बाबांकडे गेलेच. त्यांना उभं केलं. दुसऱ्या पावलालाच उजवा गुडघा दुमडला. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे अडकलात?" साहेब.

"मीटर सापडत नाहीये."

"बघा लवकर."

मी बाबांना पलंगावर टेकवलं. त्यांची जीभ जड झालीय, पण कळतं सगळं. फोनमधून पिशवीत गेलेली वायर त्यांनी डाव्या हातानं चाचपली.

"हे कधी... संपतं?"

"संपत नाही बाबा. एक संपली की दुसरी लावायची."

त्यांनी वायर सोडली. मग डाव्या हातानं उजवा पाय उचलून त्यांनी पलंगावर ठेवला आणि पांघरूण वर ओढून घेतलं.

"जा तू," म्हणाले. "आता मला... चालायचं नाही."