चटईवरचं बाळ

मित्रांनो, पोटमाळ्यावर उलटा टाकलेला जुना लोखंडी पाळणा दिसतो ना, तो मी. तुर्भ्याच्या एका वेल्डरने मला घडवलं. १९९३ साली धनाजीने मला डोक्यावर घेऊन घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत आणलं. धनाजी साताऱ्याकडचा, मार्केटात पोती वाहायचा. त्याला आणि प्रेमलाला जुळी झाली होती, सनी आणि ज्ञानेश्वरी. खोली एवढीशी, म्हणून पाळणा एकच. दोघांना आळीपाळीने निजवायचं ठरलं होतं.

पण सनी भारी रडका. कुणी दार लोटलं तरी अंग ताठ करून लालबुंद व्हायचा, आईने उचलल्याशिवाय थांबायचा नाही. ज्ञानेश्वरी जराशी कुरकुरायची, मग तोंडात दोन बोटं घालून खिडकीकडे टक लावायची आणि आपली आपण शांत व्हायची. हळूहळू मी सनीचाच झालो आणि ती शेजारी चटईवर.

"पोरं अशीच रडकी, पोरी गुनाच्या," घरमालकीण राहीबाई म्हणायची. "माजे घरान पन तसाच व्हता."

"व्हय, हिचा काय बी तरास न्हाई," प्रेमला कौतुकाने म्हणायची. कौतुक माझंही व्हायचं. मी फुशारून जोरात झुलायचो.

सातव्या महिन्यात ज्ञानेश्वरी सारखी मान एकाच बाजूला वळवू लागली. दूधही निम्मंच प्यायची. ती बारीक आवाजात कण्हायची, पण माझ्या कड्यांच्या करकरीत ते कुणाला ऐकू जात नव्हतं. मला जात होतं. मी लोखंडाचा. कुणाला सांगणार?

चौथ्या दिवशी प्रेमलाला दुपट्यावर पिवळा डाग दिसला. पोरीला उचलून ती तशीच दवाखान्यात धावली. परत आली ती उंबऱ्यातच बसली.

"कानाचा पडदा फाटलाय म्हनं, राहीबाई. डाक्टर इचारत हुते, इतकं ठणकत असताना पोर रडली कशी न्हाई? मी काय सांगू? गप हाय म्हंजे बरी हाय, असं समजले वो मी!"

राहीबाईने पोरीला आपल्या कुशीत घेतलं.

औषधाने कान वाहायचा थांबला, पण त्या कानाने ज्ञानेश्वरीला पुढे कमीच ऐकू आलं. प्रेमलाने तिला माझ्यात निजवून पाहिलं. ती निजेना. तिला चटईच हवी असायची.

पुढे पाच वर्षांची असताना ती अंगणात पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. प्रेमला धावत गेली, तिच्यापुढे बसली आणि म्हणाली, "रड गं बाय. रडलीस तरी चालतंय."

ज्ञानेश्वरी हसली. "न्हाई दुखत, आई."

प्रेमलाच रडली.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ रडलं की त्याला जरूर उचला. पण जे रडत नाही, त्यालाही जवळ घ्या. त्याने हाक मारण्याची वाट पाहू नका.