सातशे तिसाव्या दिवसाचं वेळापत्रक

येत्या रविवारचं वेळापत्रक मी पाचव्यांदा फाडलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "ताई, आपण पाण्यात खेळायला चाललोय की लढाईवर?"

"तू गप्प बस आणि ती पट्टी दे इकडे," मी म्हटलं.

मी बस डेपोत ड्यूटी लावते. दीडशे ड्रायव्हर, त्यांच्या सुट्ट्या, त्यांची आजारपणं, त्यांच्या मेहुण्यांची लग्नं, हे सगळं एका तक्त्यात बसवणं हे माझं रोजचं काम. तीन मोठी माणसं आणि एक तेरा वर्षांची मुलगी यांचा एक दिवस आखणं म्हणजे खरं तर माझ्या डाव्या हातचा मळ. पण गुरुवारपासून कागद समोर घेतला की रकान्यांऐवजी पाणीच दिसायचं. मग पट्टी वाकडी व्हायची, मग मला राग यायचा, मग कागद फाटायचा.

मुलगी माझी. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी नाश्ता करताना ती बोलता बोलता थांबली, तिचे डोळे वर गेले आणि ती खुर्चीसकट खाली आदळली. फिट. त्या महिन्यात आणखी चार आल्या. मग एकदाच्या गोळ्या लागू पडल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलग दोन वर्षं फिट आली नाही तर गोळ्या हळूहळू कमी करून बघू. तोपर्यंत पोहणं बंद.

भिंगरी तेव्हा शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. डॉक्टरांकडून आल्यावर तिने पोहण्याचा चष्मा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. पोरीला काहीतरी आशा दाखवायला हवी, म्हणून मी डेपोतलीच युक्ती घरी आणली. आमच्याकडे फाटकापाशी एक पाटी आहे. 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेलं, आणि पुढे आकडा. रोज सकाळी तो आकडा मी बदलते. शंभर झाले की सगळ्यांना केक, वर्ष भरलं की सगळ्यांना एक जादा सुट्टी. कुठे बस ठोकली की आकडा शून्यावर. तशीच पाटी मी फ्रीजच्या दारावर लावली. शंभर दिवस झाले की सायकल परत मिळणार, असं करत करत सातशे तिसाव्या दिवशी, म्हणजे बरोबर दोन वर्षांनी, वॉटर पार्क.

आता पाटीची गंमत सांगते. आमच्या डेपोत एक ड्रायव्हर आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. तो सीटखाली बसच्या रंगाची डबी बाळगून असतो. कुठे घासलं की गुपचूप रंग फासून मोकळा. कारण आकडा शून्यावर आणणारा माणूस म्हणजे सगळ्या डेपोचा वैरी. मला हे ठाऊक आहे, आणि मी काणाडोळा करते. ओला रंग हाताला लागला तरी मी त्याला काही विचारत नाही, वर हसते.

तर फ्रीजवरचा आकडा आज सातशे तेवीस होता. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मध्ये त्या वॉटर पार्कचा नकाशा पसरलेला. जागा अवाढव्य. डोंगराच्या पोटातून गरम पाण्याचे झरे येतात, त्यांच्यावर नऊ कुंडं बांधलेली, आणि पलीकडे घसरगुंड्या, लाटांचा तलाव, फिरती नदी. मी त्यांचे सगळे व्हिडिओ बघितले होते. बघायला नको होते. लाटांच्या तलावात दोन-तीनशे डोकी वरखाली होत होती. त्यातलं एक डोकं वर आलं नाही तर कुणाला कळणार होतं? गरम कुंडांवर वाफ इतकी की शेजारच्याचा चेहरा दिसत नव्हता. आणि एक घसरगुंडी बंद नळीची, आत मिट्ट काळोख, वरून माणूस आत गेला की अठरा सेकंदांनी खाली बाहेर पडतो. मी ते सेकंद मोजले होते. फिट आलेलं माणूस हाका मारत नाही, हात हलवत नाही, ते नुसतं खाली जातं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, पण हाताच्या अंतरावर कायम एक मोठं माणूस हवं, अशी अट घातली होती.

म्हणून मी नजरेच्या पाळ्या लावल्या होत्या. अर्ध्या अर्ध्या तासाची एक पाळी. त्या वेळात त्या माणसाने दुसरीकडे बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, फोन लॉकरमध्ये. पाळी बदलताना पुढच्याने मोठ्याने "घेतली" म्हणायचं. तोवर आधीच्याने जागचं हलायचं नाही. डेपोत आम्ही बसच्या चाव्या अशाच देतो.

"आणि मला शिंक आली तर?" भावाने विचारलं. "शिंकताना डोळे मिटतात."

"तर शिंकू नकोस."

"बरं झालं तू माझी बॉस नाहीस. बहीण आहेस तेच फार झालं."

भिंगरी एरवी मामाच्या असल्या बोलण्यावर खिदळली असती. आज ती नकाशाचा कोपरा बोटाने मुडपत बसली होती. माझा नवरा सुतार आहे, बोलतो कमी आणि मापं जास्त घेतो. त्याने नकाशावर आपली जाड पेन्सिल टेकवली.

"एका कुंडातून दुसऱ्या कुंडात जाताना कुणाची पाळी?" तो म्हणाला. "इथे, या पायऱ्यांवर. ओल्या असणार."

मी तक्ता बघितला. ते रकाने खरंच रिकामे राहिले होते. मी ते एकेक करून मोजले. एवढं कसं सुटलं माझ्याकडून? दीडशे माणसांच्या तक्त्यात पाच मिनिटांचं भोक मी राहू देत नाही, आणि इथे पोटच्या पोरीला अकरा वेळा ओल्या पायऱ्यांवर एकटी सोडली होती.

"आई," भिंगरी म्हणाली, "तो लाटांचा तलाव किती खोल आहे?"

"मध्यभागी दोन मीटर. तू कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे जायचं नाहीस."

"तिथे कधी कुणी बुडलंय?"

"असलं अभद्र काय बोलतेस गं?" मी डाफरले. पण तोच प्रश्न मी गुरुवारपासून मनात घोळवत होते, आणि तो तिच्या तोंडून ऐकल्यावर मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"नाही, सहज," ती म्हणाली. "आपण नुसते काठावर बसलो तर चालेल?"

"अगं, दोन वर्षं जिवाचं रान केलंस तू यासाठी," मामा म्हणाला, "आणि आता काठावर बसणार? मी तर त्या काळ्या नळीतून तुझ्या मागोमाग येणार आहे. माझी ढेरी अडकली तर ढकलायला कुणीतरी लागेल."

ती हसली नाही. मला वाटलं, इतके दिवस वाट बघितली की ऐनवेळी असं होतं. तिला धीर यावा म्हणून मी लॅपटॉप ओढला आणि म्हटलं, चला, आज बुकिंगच करून टाकू, म्हणजे तळ्यात मळ्यात नको. मनातून मला स्वतःलाच बांधून घ्यायचं होतं. बुकिंग झालं नसतं तर शनिवारी माझा धीर सुटला असता आणि मी काहीतरी कारण काढून सगळं रद्द केलं असतं, हे मला पुरतं माहीत होतं.

नावं, वयं, लॉकर, सगळं भरलं. शेवटच्या पानावर तब्येतीचे प्रश्न होते. हृदयविकार? नाही. रक्तदाब? भावाकडे बघितलं, तो छताकडे बघायला लागला, मी 'हो' केलं. फिट येते का? 'हो.' शेवटची फिट कधी आली? मी रुबाबात तारीख टाकली. ती तारीख मला झोपेतही सांगता येते. डॉक्टरांचं पत्रही जोडलं.

"आता हे तू," मी लॅपटॉप भिंगरीकडे वळवला. "बारा वर्षांवरच्यांनी आपली खूण आपण करायची. वाच आणि कर."

तिथे एकच ओळ होती. वरची माहिती खरी आहे, असं. तिने ती वाचली. बोट चौकटीवर नेलं. बोट तिथेच राहिलं. मी बघतेय, दहा सेकंद, पंधरा सेकंद, ती नुसती पडद्याकडे टक लावून बसलेली, पापणी लवत नाही. मी खुर्ची मागे ढकलून तिच्याकडे झेपावले, एक हात मानेखाली, एक पाठीशी, जसं शिकवलं होतं तसं.

"फिट नाहीये," ती म्हणाली. "आई, सोड. फिट नाहीये."

"मग काय झालं? घाबरवतेस कशाला अशी?"

"तो आकडा खोटा आहे."

"कुठला आकडा?"

तिने फ्रीजकडे हात केला. "ते सातशे तेवीस नाहीत. एकशे अठरा आहेत."

मला आधी काही समजलंच नाही. मी खरंच मनात वजाबाकी करायला लागले, जणू माझी मोजण्यात काही चूक झाली असेल. मग नवऱ्याची पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली पडली, आणि मला समजलं.

"फिट आली होती तुला?"

तिने मान हलवली.

"आणि तू सांगितलं नाहीस? कुणालाच?" माझा आवाज चढला. मला तो खाली आणता येईना. "अगं, पुढच्या आठवड्यात तुझ्या गोळ्या कमी करणार होते! त्याआधी तुला त्या पाण्यात सोडणार होते मी! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ओरडू नकोस तिला," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी सांगणार होते," भिंगरी म्हणाली. "शप्पथ सांगणार होते. पण तू सकाळी आकडा बदलतेस तेव्हा किती खूश असतेस. बाबा दुकानात सगळ्यांना सांगतो. मामा दर रविवारी आल्या आल्या विचारतो, किती झाले. मी म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या तो एकने वाढायचा. मग आणखीच कठीण व्हायचं." तिने नाक पुसलं. "पण मी खरे मोजत होते. मनातल्या मनात. एक दिवस पण चुकले नाही."

भाऊ, ज्याला मयताला गेल्यावरही विनोद सुचतो, तो मान खाली घालून टेबलावरचे फाटलेले कागद गोळा करत होता.

मला ओला रंग आठवला, पैलवानाच्या बसवरचा. मी हसले होते. माझ्या डेपोतला प्रत्येक माणूस त्या पाटीपायी लपवाछपवी करतो हे मला पंधरा वर्षं माहीत होतं, आणि तीच पाटी आणून मी माझ्या लेकरासमोर टांगली होती. मला स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं.

पण ते नंतर. त्याआधी माझं मन त्या एकशे अठरा दिवसांत शिरलं होतं, आणि त्याला बाहेर येता येईना. ती रोज सायकलने पुलावरून शाळेत जाते. कठड्याच्या कडेने. मैत्रिणीच्या इमारतीच्या गच्चीवर अभ्यास करते. वर्ष भरलं तेव्हा बक्षीस म्हणून बाबाने फिटमुळे काढून टाकलेली बाथरूमच्या दाराची कडी परत बसवून दिली होती. ह्या सगळ्याला मी हो म्हटलं होतं. आकडा बघून हो म्हटलं होतं.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते गार होते.

"मी ओरडणार नाही," मी म्हटलं. "मला खूप भीती वाटतेय गं, म्हणून ओरडले. मला नीट सांग. एकदाच आली ना?"

तिने हात सोडवून घ्यायला बघितलं.

"एकदाच ना, भिंगरी?"

"तीनदा," ती म्हणाली. "एकशे अठरा दिवस शेवटचीला झाले. पहिली शाळेच्या जिन्याखाली आली. मैत्रीण होती जवळ. तिने कुणाला सांगितलं नाही, मीच शपथ घातली होती. दुसरी झोपेत. सकाळी जीभ चावलेली होती म्हणून कळलं."

"आणि शेवटची?" बाबाने विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली.

"अंघोळ करताना. कडी लावलेली होती. मी नळाखाली पडले होते, पाणी तोंडावर येत होतं. किती वेळ ते माहीत नाही. मग तू दार बडवलंस. ओरडलीस, पाणी किती वाया घालवशील, उरक लवकर. त्याने मला जाग आली."

मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मी ते दार रोजच बडवते, रोजच तसं ओरडते.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, आले."

आणि ते ऐकून मी पर्स उचलून कामावर गेले असणार. त्या दिवशीही डेपोत पोचल्यावर मी आधी पाटीवरचा आकडा बदलला असणार.