चौकटीतला परका चेहरा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. वाचनालयाच्या सभागृहात राहते. सभागृह म्हणजे काय, तर एक लांबट खोली, घडीच्या खुर्च्या आणि खरखरणारा माइक. माझ्यात कोणाचा तरी चेहरा असला की लोक माझ्यापुढे मान झुकवतात. कार्यक्रम संपला की मला कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी करतात.

एका सुताराने मला घडवलं. इथल्या एका साधुपुरुषाला तो फार मानायचा. ते गेले, तेव्हा त्यांच्या छायाचित्रासाठी त्याने माझे कोपरे असे बेमालूम जुळवले, की सांधा बोटालाही लागू नये. पहिल्या पुण्यतिथीला खोली भरली होती. भाषण कोणीच केलं नाही. लोक नुसते बसून राहिले. काही रडले. "चौकट सुरेख झालीय," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा सुतार लाजून दाराआड गेला. तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरवावं लागलं.

पुढे सुतार गेला, ती माणसंही पांगली. मग वाचनालयाला हौशी चिटणीस लाभले. त्यांनी पुण्यतिथ्यांचा सपाटाच लावला. सकाळी संत, संध्याकाळी नट. मागून एक कागद काढायचा, दुसरा सरकवायचा, फुलं वाहायची, फोटो काढायचा, की झालं. प्रत्येक फोटोत चिटणीस मात्र न चुकता असायचे.

एकदा जुन्या काळातल्या एका सिनेनटीची पुण्यतिथी आली. ती याच गल्लीत वाढलेली. तिची धाकटी बहीण अजून इथेच एकटी राहत होती. तिला बोलवावं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. दारावरचा फलक वाचून ती आपणहून आली. ठेवणीतले कपडे घालून, कठडा धरत जिना चढली आणि थेट माझ्यासमोर उभी राहिली. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ही कोण?"

"आज जिची पुण्यतिथी आहे ती, आजी," चिटणीस म्हणाले.

"अहो, ही माझी ताई नव्हे!"

चिटणीसांचा चेहरा उतरला. पण पाहुणे जिना चढत होते. ते हळूच म्हणाले, "मोबाइलवर हाच फोटो मिळाला. आता राहू द्या. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुम्ही बसा हो. कार्यक्रम तुमच्या ताईचाच आहे."

पाहुण्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "हा चेहरा आपण कधीच विसरणार नाही." टाळ्या पडल्या. बहीण उठली.

"तो तिचा चेहराच नाही! ताईच्या हनुवटीवर व्रण होता. मला पाठुंगळी घेऊन धावताना पडली होती ती!"

कोणीतरी हसलं. "वय झालंय, चालायचंच," असं दुसरं कोणी पुटपुटलं. चिटणीसांनी तिला कोपराला धरून, अगदी आदराने, दाराबाहेर नेऊन सोडलं. तो आदर मला फार लागला.

दुसऱ्या दिवशी ती रुमालात गुंडाळून ताईचा खरा फोटो घेऊन आली. तिच्याकडे तेवढा एकच होता.

"पुढच्या वेळी हा लावा."

"लावतो की," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी तो कपाटावर टाकला.

पुढच्या पुण्यतिथीपर्यंत बहीणही गेली होती. खरा फोटो चिटणीसांनी माझ्यावर धरून पाहिला. तो लहान पडत होता. "गेल्या वर्षीचाच मापाचा आहे," ते म्हणाले, आणि ती परकी बाई पुन्हा माझ्यात आली. मी लाकूड. मला 'नाही' म्हणता आलं नाही. खिळे सैल करून तिला खाली पाडावं, एवढंसुद्धा जमलं नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पण फुलं वाहण्याआधी जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, 'ती कशी होती हो?' सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारा.

आमच्याकडे आता तसं कोणी उरलेलं नाही. दर पुण्यतिथीला गल्लीतली मुलं त्या परक्या चेहऱ्याकडे बोट दाखवून अभिमानाने सांगतात, "ही आपल्या गल्लीतली."