नानांनी खाल्लेल्या गोळ्या

यावलची चारुलता भुसावळच्या शाळेत शिकवायची. रोजची बस, रोजचा रस्ता. एके सकाळी बस तापीच्या पुलावर आली आणि तिची छाती एकाएकी आवळली. हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आता आपण मरणारच अशी खात्री. पूल संपला, ती काही मेली नाही. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ईसीजी काढला तर तो अगदी चांगला निघाला. "तुम्हाला काही झालेलं नाही," असं सांगून डॉक्टरांनी तिला आणखीच घाबरवलं.

नवऱ्याला, भूपेंद्रला, सांगावं तर तो नोकरी सोड म्हणाला असता. म्हणून तिनं मोबाईलवरची जाहिरात बघून मन शांत ठेवणाऱ्या, अश्वगंधा आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या मागवल्या आणि पापडाच्या डब्यात लपवल्या. त्या घेतल्यावर थोडं बरं वाटल्यासारखं व्हायचं. पण बाटली मात्र भलतीच लवकर रिकामी होऊ लागली.

रविवारी सकाळी तिचे सासरे जीवराम नाना ओट्यावरून उठायला गेले आणि भिंतीला धरून खालीच बसले. केळीच्या बागेत मजुरांवर ज्यांचा आवाज घुमायचा ते नाना पांढरेफटक पडले होते. चारुलतानं पाणी दिलं.

"तुह्या डब्यातल्या गोळ्या..." नाना पुटपुटले. "बाटलीवर 'मन शांत' लिहेल व्हतं, रोज एक घेत व्हतो. आज दोन खाल्ल्या."

"तुम्ही? कशाला, नाना?"

"माहा दोस्त झुलाल बाजारात बसल्याबसल्या मरून गेला ना, तवापासून माह्या छातीत धडधड व्हते. लोकायले काय सांगू? जीवराम भ्याला म्हून?"

चारुलता त्यांच्याशेजारी खाली बसली. "मलाही होतं, नाना. पुलावर."

नानांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग नाना खुदकन हसले, आणि तिलाही हसू आवरेना. आतून भूपेंद्र बघायला आला, तेव्हा त्यालाही सगळं सांगून टाकलं. तो नोकरी सोड म्हणाला नाही. "उद्याच जळगावला दाखवून या," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जळगावला जाताना पुलावर चारुलताचा श्वास पुन्हा कोंडला. नानांनी तिचा हात घट्ट धरला. "मरत नाही तू. काल मी मेलो का?" ती घाबरलेली असतानाच हसली आणि पूल मागे पडला.

जळगावच्या डॉक्टरबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. नानांची रक्तदाबाची गोळी चालू होती. वरून या गोळ्यांनी दाब आणखी उतरला असावा, म्हणून चक्कर. "कोणाला त्यानं बरं वाटतही असेल," त्या म्हणाल्या, "पण दुसरी औषधं चालू असताना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि हा घाबरण्याचा आजार बरा होतो. त्याला लपवून ठेवलं की तो वाढतो." त्यांनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं आणि दोघांनाही पुन्हा बोलावलं.

आता दोघं जळगावला सोबतच जातात. चारुलताला पुलावर अजून कधीकधी धडधडतं, पण ती खिडकीतून पाणी बघू शकते. नानांना मात्र लपवायचं काही राहिलं नाही. परवा भरल्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या भिकुबाईंना आपल्या आजाराची सगळी हकीकत खणखणीत आवाजात सांगितली. चारुलता लाजेनं खिडकीकडे वळली.

भिकुबाईंनी पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "त्या डॉक्टरबाईचा दवाखाना कोठे शे, भाऊ?"